सीमा ओलांडताना कोणता कागद काय काम करतो

परदेश प्रवासात कागदपत्रांवरून होणारी अडवणूक बऱ्याचदा परक्या देशाच्या सीमेवर नव्हे, तर आपल्याच विमानतळावर, चेक-इनच्या काउंटरवर होते. मुंबईच्या दोन नंबर टर्मिनलवर बॅगा वजनकाट्यावर चढवून झाल्या की समोरचा कर्मचारी पासपोर्ट चाळतो, संगणकात काही भरतो आणि मग सहजपणे विचारतो, "परतीचं तिकीट आहे का?" किंवा "या पासपोर्टची मुदत कधी संपते, पाहिलंत का?" हा माणूस सरकारी अधिकारी नसतो आणि व्हिसा देण्या-नाकारण्याशी त्याचा काही संबंध नसतो. तरीही त्याने बोर्डिंग पास दिला नाही, तर पुढचे हॉटेल, सहल, नातेवाइकांच्या भेटी हे सगळे तिथेच थांबते.

त्याच्या या चौकशीमागे कंपनीचा स्वतःचा स्वार्थ आहे. प्रवाशाकडे आवश्यक ती कागदपत्रे आहेत याची खात्री विमानात बसवण्यापूर्वीच करून घेण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या नियमांनी विमान कंपनीवर टाकलेली आहे. अपुऱ्या कागदांचा प्रवासी पोहोचलाच, तर त्याला परत नेण्याचे काम कंपनीच्या गळ्यात पडते आणि अनेक देश वर दंडही लावतात. भारतानेही २००० साली यासाठी स्वतंत्र कायदा करून एक लाख रुपयांच्या दंडाची तरतूद केली होती. परदेशी नागरिकांसंबंधीच्या अन्य तीन जुन्या कायद्यांबरोबर तो २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्यात विलीन झाला. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी 'टिमॅटिक' नावाच्या माहितीसाठ्यात प्रवाशाचे नागरिकत्व, जायचा देश आणि वाटेतले थांबे भरतो आणि तिथे जे उत्तर येते त्याबरहुकूम वागतो. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग होत नाही. घरून निघण्यापूर्वी कागद समजून घेणे एवढेच आपल्या हाती असते.

समजून घ्यायचे ते असे, की प्रवाशाजवळचा प्रत्येक कागद वेगळ्या सत्तेने दिलेला असतो आणि तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. पासपोर्ट आपले सरकार देते आणि हा माणूस कोण आहे व त्याला परत घेण्यास कोणता देश बांधील आहे, हे सांगते. व्हिसा समोरचा देश देतो आणि अमुक कारणासाठी आमच्या दारापर्यंत यायला हरकत नाही, एवढेच म्हणतो. आत येऊ द्यायचे की नाही आणि आले तर कोणत्या तारखेपर्यंत राहू द्यायचे, हे मात्र दारात उभा असलेला इमिग्रेशन अधिकारी त्या क्षणी ठरवतो. या तीन गोष्टींच्या तीन निरनिराळ्या तारखा असतात आणि माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक घोळ एका तारखेला दुसरी समजल्यामुळे झालेले आहेत.

पासपोर्ट: एक विनंती आणि दोन ओळी

भारतीय पासपोर्ट उघडला की आत राष्ट्रपतींच्या नावाने एक मजकूर छापलेला दिसतो. या पासपोर्टच्या धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे आणि गरज पडेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे, अशी ज्यांच्याशी संबंध येईल त्या सर्वांना केलेली ती विनंती आहे. एका सरकारने दुसऱ्या सरकारांना लिहिलेले हे पत्र असल्यामुळे पुस्तिका आपल्या खिशात असली तरी मालकी भारत सरकारची असते. परत मागितली तर ती द्यावी लागते आणि तिच्या पानांवर हौसेने पर्यटनस्थळांचे शिक्के मारून घेणे किंवा लहान मुलांना चित्रे काढू देणे महागात पडू शकते.

पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टविना फिरता येत असे. युद्धात हेरांची आणि पळपुट्यांची धास्ती वाढली, सीमांवर तपासणी आली आणि युद्ध संपल्यावरही ती उठली नाही. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसमध्ये भरवलेल्या परिषदेत पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने भारतात प्रवेश करणाऱ्यांसाठी पासपोर्टचा कायदा केला. आपल्या नागरिकांना पासपोर्ट देण्याबाबत मात्र स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षे कायदा नव्हता; सरकारच्या मर्जीवर तो मिळे किंवा नाकारला जाई. सतवंत सिंग सॉहनी यांच्या खटल्यात १९६७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही, असे ठरवले, तेव्हा घाईघाईने त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. पुढे १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट 'सार्वजनिक हितासाठी' एवढेच कारण देऊन ताब्यात घेतला गेला. त्यावर १९७८ च्या जानेवारीत आलेल्या निकालाने, केवळ कायद्याचा आधार दाखवून भागत नाही, सरकारने अवलंबलेली पद्धतही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व पक्के केले. हा निकाल आज घटनेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवला जातो, आणि त्याचे निमित्त होते पासपोर्टची एक पुस्तिका.

ही पुस्तिका छापली जाते आपल्या नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. प्रौढांना ती दहा वर्षांसाठी मिळते. अठराखालच्या मुलांना सहसा पाच वर्षांसाठी किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. छत्तीस पानी पुस्तिकेचे प्रौढांसाठीचे साधे शुल्क १,५०० रुपये आणि साठ पानी पुस्तिकेचे २,००० रुपये आहे. ज्यांना वरचेवर जावे लागते त्यांनी पाचशे रुपयांकडे न पाहता साठ पानी घ्यावी, कारण शिल्लक कोऱ्या पानांची अट अनेक देश घालतात आणि मुदत असूनही पाने संपली म्हणून नवा पासपोर्ट काढावा लागतो.

फोटोच्या पानाच्या तळाशी इंग्रजी अक्षरे, आकडे आणि बाणासारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. यंत्र मात्र सर्वांत आधी त्याच वाचते. प्रत्येक ओळीत नेमकी ४४ स्थाने असतात. पहिल्या ओळीत कागदाचा प्रकार, देशाचे तीन अक्षरी चिन्ह, आडनाव, मग दोन बाण आणि नंतर नाव, असा क्रम असतो. दुसरीत पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग आणि मुदत संपण्याची तारीख येते. क्रमांकासाठी नऊ स्थाने राखलेली आहेत आणि भारतीय क्रमांक आठच अक्षरांचा असल्यामुळे नववे स्थान बाणाने भरलेले दिसते. यातली खरी गंमत अशी, की क्रमांक आणि तारखा यांच्या पाठोपाठ एकेक जादा आकडा असतो. तो कोणी दिलेला नसतो, तो हिशेबाने निघतो.

समजा जन्मतारीख १४ मार्च १९८५ आहे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ती ८५०३१४ अशी लिहिली जाते. आता या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचे: ५६, १५, ०, २१, ३ आणि ४. बेरीज होते ९९. तिला दहाने भागल्यावर बाकी उरते ९, आणि हाच नऊ जन्मतारखेनंतर छापलेला असतो. कोणी चुकून ८५ च्या जागी ५८ टंकित केले, तर बेरीज ८७ होऊन बाकी ७ उरते आणि यंत्र तिथल्या तिथे नकार देते. आपल्या पासपोर्टवर हा हिशेब करून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. या दोन ओळींवर चहा सांडला, प्लास्टिक उचकटले किंवा शाई पुसट झाली, तर पासपोर्टची मुदत शिल्लक असूनही अडचण का येते, तेही त्यातून कळते.

आता नवे पासपोर्ट ई-पासपोर्ट म्हणून दिले जात आहेत. २०२४ साली त्यांचा प्रायोगिक प्रारंभ ज्या दोन शहरांतून झाला, त्यांतले एक नागपूर होते. मुखपृष्ठावर छोटे सोनेरी चिन्ह आणि आत बसवलेली चिप, ही त्यांची ओळख आहे. चिपमध्ये फोटोच्या पानावरची माहिती सरकारच्या डिजिटल स्वाक्षरीसह साठवलेली असते, त्यामुळे छापील पानावर फेरफार केला तरी तो चिपशी जुळत नाही. जुना पासपोर्ट आहे म्हणून धावतपळत बदलून घेण्याचे मात्र कारण नाही. मुदत संपेपर्यंत तो तितकाच ग्राह्य आहे.

नावाचा गुंता

मराठी माणसाची खास अडचण नावात आहे. आपले नाव तीन पदरी असते: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. पासपोर्टमध्ये रकाने दोनच असतात, आडनावाचा एक आणि उरलेल्या नावाचा दुसरा. त्यामुळे संगीता विजय जोशी यांच्या बाबतीत 'संगीता विजय' हे दोन्ही शब्द नावाच्या रकान्यात जातात. पण अनेकांनी पहिल्यांदा अर्ज करताना नावाच्या रकान्यात फक्त 'संगीता' लिहिलेले असते आणि व्हिसाच्या अर्जात, तिकिटावर व बँकेच्या कागदांवर मात्र मधले नाव असते. काहींनी तर तिन्ही नावे एकाच रकान्यात भरून आडनावाचा रकाना कोरा सोडलेला असतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत त्रासाचा ठरतो. अमेरिकेच्या व्हिसावर अशा व्यक्तीचे सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे नाव अज्ञात, असे छापले जाते. पुढे तिथले बँक खाते आणि वाहन परवाना काढताना हे अज्ञात नाव पाठ सोडत नाही. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला होता. मागाहून, शेवटच्या पानावर वडिलांचे वा कुटुंबाचे नाव असेल तर सवलत देण्यात आली. मुलांचा पहिला पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना भरलेला आहे ना, हे म्हणूनच दोनदा पाहावे.

लग्नानंतरचा गुंता याहून मोठा असतो, कारण आपल्याकडे केवळ आडनाव बदलत नाही, मधले नावही बदलते आणि कधी कधी पहिलेदेखील. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलणे बंधनकारक नाही, हे अजूनही कित्येक घरांत ठाऊक नसते. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदतीपर्यंत खुशाल वापरता येतो. अट एवढीच, की तिकीट आणि व्हिसाही त्याच नावाने असावेत. मधुचंद्राचे तिकीट सासरच्या नावाने आणि पासपोर्ट माहेरच्या, ही जोडी काउंटरवर टिकत नाही. नाव बदलायचेच असेल तर ते प्रवासाच्या पुष्कळ आधी बदलावे आणि आधार, पॅन, बँक सगळीकडे एकाच वेळी बदलावे. अर्धवट बदल हा न बदलण्यापेक्षा वाईट.

जन्मतारखेचीही एक आपल्याकडची कथा आहे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती तारीख लावून दिली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक तारीख, ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरी आणि आधारवर तिसरी, अशी स्थिती असेल तर पासपोर्टच्या अर्जापूर्वी ती एक करून घेणे भाग आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सरकारने हा प्रश्न निकालात काढला आहे: त्यांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. आधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन, वाहन परवाना असे पर्याय खुले आहेत.

व्हिसाची तारीख आणि मुक्कामाची तारीख

मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा चिकटवलेला असतो. त्याचा अर्थ दहा वर्षे तिथे राहता येईल असा कोणी काढत नाही, पण येईल तितके राहता येईल असा अर्थ मात्र सर्रास काढला जातो. व्हिसावरची तारीख ही अमेरिकेच्या दारात उभे राहून प्रवेश मागण्याची शेवटची तारीख आहे. मुक्कामाची मुदत विमानतळावरचा अधिकारी देतो, पर्यटकांना ती सहसा सहा महिन्यांची असते आणि 'आय-९४' नावाच्या नोंदीत टाकली जाते. विमानाने येणाऱ्यांना ही नोंद आता कागदावर मिळत नाही, तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर पाहावी लागते, म्हणून ती पाहण्याचे राहून जाते. नात झाली, बाळंतपण झाले, बारसे झाले, आणखी महिनाभर राहू, असे म्हणत ती तारीख उलटली तर दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द ठरतो. मुदतीबाहेरचा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला तर तीन वर्षे आणि एक वर्ष वा अधिक झाला तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागू शकते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला बसवून ती नोंद काढायला लावावी आणि तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवावी, हा माझा सर्व ज्येष्ठांना आग्रहाचा सल्ला आहे. उलट बाजूने एक दिलासाही आहे: पासपोर्ट संपला तरी त्यातला अमेरिकेचा व्हिसा संपत नाही. जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट बरोबर नेले की चालते; पासपोर्ट कार्यालयाने जुन्याचा कोपरा कापला असेल तर व्हिसाच्या पानाला धक्का लागलेला नाही एवढे मात्र बघावे.

युरोपातल्या शेंगेन गटाचा हिशेब निराळा आहे. २९ देशांचा हा गट प्रवाशासाठी एकच प्रदेश मानला जातो. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. त्याचा मूळ नियम असा, की कोणत्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजले तर त्यांत मुक्कामाचे दिवस ९० पेक्षा अधिक भरता कामा नयेत, आणि आल्या-गेल्याचे दोन्ही दिवस मुक्कामात धरले जातात. लीप वर्ष सोडून अन्य वर्षी १ जानेवारीला आलेला प्रवासी ३१ मार्चला नव्वद दिवस पुरे करून निघाला, तर त्याला पुन्हा पाय ठेवता येईल तो ३० जूनला, कारण त्या दिवशी मागचे १८० दिवस २ जानेवारीपासून सुरू होतात आणि पहिला एक दिवस गळतो. हे केवळ बहुवारी व्हिसावाल्यांसाठी झाले. साध्या पर्यटकाच्या व्हिसावर 'मुक्कामाचे दिवस' असा स्वतंत्र रकाना असतो आणि तिथे १५ लिहिले असतील तर पंधराच. शेजारी महिनाभराच्या तारखा दिसतात म्हणून हुरळून जाऊ नये. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन संगणकावर नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे दिवस मोजण्याचे काम आता यंत्र करते आणि एका दिवसाचीही गफलत लपत नाही.

शेंगेनसाठी पासपोर्टही विशिष्ट मुदतीचा लागतो: तिथून निघण्याच्या दिवसानंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि निदान दोन कोरी पाने असलेला. अन्य अनेक देश, विशेषतः आशियातले, सहा महिन्यांची शिल्लक मुदत मागतात. प्रवास जुलैत आणि पासपोर्ट ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे वैध आहे की, असे म्हणून निघालेली मंडळी चेक-इनवरूनच घरी परततात ती यामुळे. पासपोर्ट प्रत्यक्षात दहाऐवजी साडेनऊ वर्षांचाच आहे असे धरून चालावे आणि नूतनीकरण त्या बेताने करावे.

वाटेतल्या थांब्याचा विचार तर कोणीच करत नाही. विमान बदलताना प्रवासी विमानतळाच्या आतल्या भागातच राहिला तर अनेक देशांत व्हिसा लागत नाही, पण काही देश काही नागरिकत्वांकडून तेवढ्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा मागतात आणि या याद्या बदलत राहतात. अमेरिकेत तर 'आतला भाग' असा प्रकारच नाही. पुढच्या विमानासाठीसुद्धा तिथे रीतसर प्रवेश करावा लागतो, म्हणजे व्हिसा हवाच. मुंबई, फ्रँकफर्ट, माद्रिद आणि पुढे मेक्सिको असे तिकीट काढणाऱ्याला वाटते, की आपण युरोपात उतरतच नाही. वास्तविक फ्रँकफर्ट ते माद्रिद हा शेंगेनमधला अंतर्गत प्रवास ठरतो, म्हणजे त्याने फ्रँकफर्टलाच युरोपात प्रवेश केलेला असतो. स्वस्त म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तुटक तिकिटे घेणाऱ्यांनाही बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्यायला बाहेर यावे लागते, आणि बाहेर येणे म्हणजे सीमा ओलांडणे.

नेपाळ, भूतान आणि आधार कार्ड

पशुपतिनाथ-मुक्तिनाथाच्या यात्रेला निघालेल्या मंडळींत एक समज पक्का असतो: नेपाळ काय, आपलेच आहे, आधारवर जाता येते. यातला पहिला भाग १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे बराचसा खरा आहे. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही आणि सुनौली किंवा रक्सौलच्या नाक्यावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. पण भारतीय असल्याचा पुरावा जवळ हवा, आणि तो म्हणजे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. विमानाने जाताना ही अट काटेकोरपणे पाळली जाते. आधार हे ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे, कारण भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते मिळू शकते. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठ यांना मात्र पासपोर्टवाचून वय व ओळख पटवण्यासाठी आधार, पॅन, वाहन परवाना, शिधापत्रिका यांसारखे छायाचित्र असलेले कागद चालतात. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्र ग्राह्य आहे. यात्रा कंपनीच्या पत्रकात 'आधार आवश्यक' असे छापलेले असते आणि आजीआजोबांचे काम त्यावर भागतेही. अडतात ती त्यांच्याबरोबर निघालेली चाळिशीतली लेक आणि जावई.

भूतानलाही व्हिसा नाही, परंतु प्रवेश परवाना आहे. तो पासपोर्टवर किंवा मतदार ओळखपत्रावर मिळतो, आधारवर नाही, आणि पासपोर्ट दाखवायचा तर त्याची सहा महिने मुदत शिल्लक हवी. लहान मुलांचा जन्मदाखला लागतो. शिवाय प्रौढ भारतीय प्रवाशाला दर माणशी दर रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते, हे खर्चाच्या अंदाजात धरलेले नसले तर चार प्रौढांच्या कुटुंबाला पाच रात्रींत चोवीस हजारांचा फटका बसतो.

कामासाठी जाणाऱ्यांचा पासपोर्ट

रत्नागिरी-रायगडातून आखातात कामाला जाणाऱ्यांच्या घरी 'ईसीआर' हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'स्थलांतर तपासणी आवश्यक', अशी नोंद छापली जाते. अशा पासपोर्टवर सौदी अरेबिया, कुवेत, ओमान, कतार, अमिराती, मलेशिया इत्यादी ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचे तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. १९८३ च्या कायद्याने घातलेली ही अट अडथळा म्हणून पाहिली जाते, पण ती कामगाराच्या बाजूची आहे. मंजुरीच्या वेळी नोकरीचा करार तपासला जातो, दलाल नोंदणीकृत आहे की नाही ते कळते आणि 'प्रवासी भारतीय बीमा योजने'चा दहा लाखांचा विमा काढला जातो. हे सारे टाळण्यासाठी दलाल 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ' असा मार्ग सुचवतो. पर्यटनासाठी ही मंजुरी लागत नसल्यामुळे माणूस विमानतळावरून सुटतोही. पण पगार थकला, पासपोर्ट मालकाने काढून घेतला किंवा अपघात झाला, की त्याच्या हातात ना करार असतो ना विमा, आणि तिथल्या कायद्याच्या नजरेत तोच गुन्हेगार ठरतो. ज्या दलालाने टुरिस्ट व्हिसाचा मार्ग दाखवला त्याच्याकडून पासपोर्ट परत घ्यावा आणि दुसरा शोधावा.

परदेशी पासपोर्ट घेतल्यावर

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपते आणि जुना पासपोर्ट जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यानंतर मिळणारे ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्ड नावात 'सिटिझन' असूनही नागरिकत्व देत नाही. तो आजन्म चालणारा व्हिसाच म्हणावा लागेल, आणि प्रवासात तो परदेशी पासपोर्टसोबतच दाखवायचा असतो. न्यू जर्सीहून गणपतीला येणाऱ्या कुटुंबातल्या एखाद्याचे कार्ड घरी राहिले, तर त्याला काउंटरवर इतर कोणत्याही परदेशी नागरिकासारखेच वागवले जाते. गोव्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. ते मिळवूनही भारतीय पासपोर्ट जवळ बाळगलेल्या अनेकांचा पासपोर्ट सरकारने रद्द केला, आणि जमा करण्याचे प्रमाणपत्र नसल्यामुळे ओसीआय कार्डही मिळेना. २०२४ साली परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचे प्रमाणपत्रही ओसीआयसाठी ग्राह्य धरण्याचे ठरवल्यावर ही कोंडी फुटली.

पासपोर्ट हरवला तर

परदेशात पासपोर्ट हरवल्यावर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, कारण दूतावास ती मागतोच. मुक्काम लांब असेल तर दूतावासातून नवा पासपोर्ट मिळू शकतो; दोन दिवसांनी परतीचे विमान असेल तर 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' दिले जाते. हा एकेरी कागद आहे. त्यावर भारतात परतता येते, वाटेत दुसऱ्या देशाची सहल करता येत नाही, आणि थांब्याच्या विमानतळावर तो चालतो की नाही हे विमान कंपनीकडून आधी विचारून घ्यावे लागते. काही देशांत आणखी एक पायरी असते: प्रवेशाचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टवर असल्यामुळे तुम्ही कायदेशीरपणे आत आला होतात हे स्थानिक इमिग्रेशन कार्यालयाला पटवून बाहेर जाण्याची परवानगी घ्यावी लागते, आणि त्यासाठी एखाद-दुसरा दिवस मोडतो. फोटोच्या पानाची, शेवटच्या पानाची, व्हिसाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याची छायाचित्रे स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवलेली असतील तर ही तीनही कार्यालये पटापट हलतात. ती छायाचित्रे फक्त मोबाइलमध्ये ठेवू नयेत. पासपोर्टच्या पाकिटाबरोबर बहुधा मोबाइलही गेलेला असतो.